परतीच्या तीन तारखा



परदेशी गेलेला माणूस परत आला, असे नेमके केव्हा म्हणावे? विमान भूमीला टेकले म्हणजे, की उंबरठ्यावर आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला म्हणजे? घरच्या मंडळींना हा प्रश्न पडत नाही. परंतु सरकारदरबारी तो पडतो, आणि तेथे त्याला एक नव्हे, तीन उत्तरे आहेत. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे परतीची तारीख एक, प्राप्तिकर खात्याच्या हिशेबाने दुसरी आणि नागरिकत्वाच्या कायद्याने तिसरी. पहिली तारीख बहुधा विमान उतरते त्याच दिवशी पडते. दुसरी काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी. तिसरी तर कित्येकांच्या आयुष्यात येतच नाही. या तिन्ही तारखा एकच आहेत अशा समजुतीने जो येतो, त्याच्या वाट्याला पुष्कळ मनस्ताप येतो. म्हणून आज त्यांच्याविषयी चार शब्द सांगावयाचे योजिले आहे.

बडोद्यात तरी हा विषय कोणाला परका वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन काढले. त्यातूनच पुढे विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा उभी राहिली. तेथे शिकून अमेरिकेस, इंग्लंडास, आखातात गेलेल्यांची गणती करणे कठीण आहे. दांडिया बाजारातील, रावपुऱ्यातील जुन्या मराठी घरांत परदेशस्थ नातवंडांची छायाचित्रे देवघराशेजारी टांगलेली दिसतात. नाताळच्या सुटीत ही मंडळी येतात, लग्नेकार्ये उरकतात आणि जातात. परंतु अलीकडे साठीकडे झुकलेले काही जण निराळाच प्रश्न विचारू लागले आहेत. आता कायमचे यावे म्हणतो, जमेल काय?

परतीचा फार कटू अनुभव याच शहराने एका थोर पुरुषाला दिला होता. बडोदे संस्थानने १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेस पाठविले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी, असा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत सरली तेव्हा लंडनचा अभ्यास अपुरा टाकून ते १९१७ साली परतले. त्यांची पुस्तके व सामान निराळ्या जहाजाने येत होते. महायुद्धाच्या धुमाळीत ते जहाज पाणतीराने बुडाले. सामानाच्या भरपाईपोटी जे पैसे मिळाले, त्यांतूनच बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली. येथे आले तो अस्पृश्य म्हणून कोणी जागा देईना. पारशी नाव धारण करून एका पारशी वसतिगृहात ते राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. कमाटीबागेतील एका झाडाखाली त्यांनी काही तास घालविले, ही हकिकत आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पुढे या आठवणी त्यांनी लिहून काढल्या, तेव्हा त्या लेखनाला ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे नाव दिले. परदेशाहून परतलेला, हाती नेमणुकीचा हुकूम असलेला माणूस आपल्याच देशात प्रवेशपत्राची वाट पाहत होता! त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने पुढे राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला. त्या घटनेत नागरिकत्वाची कलमे पाच ते अकरा ही आहेत, आणि आज परतणाऱ्याचे भवितव्य ज्यावर ठरते ते नववे कलम त्यांतीलच एक. बाबासाहेबांपाशी कागद होते, छप्पर मिळेना. आजच्या परतणाऱ्यांपैकी पुष्कळांचे छप्पर तयार असते. खोळंबा होतो तो कागदांचा.

यापूर्वीही माणसे परतली आहेत, पण त्यांतल्या कित्येकांना विचार करण्यास अवधी नव्हता. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्माविले. बहुतेकांचे पासपोर्ट ब्रिटिश होते, म्हणून ते इंग्लंडला गेले. काही कुटुंबे गुजरातेत परतली. गोव्याहून तेथे चाकरीस गेलेले आमचे ख्रिस्ती बांधवही चहूकडे पांगले. दुकाने, घरे मागे राहिली. त्या नव्वद दिवसांत मनुष्याला काय हवे आहे, यापेक्षा त्याच्या खिशातल्या पासपोर्टावर कोणाचे राजचिन्ह आहे, याला अधिक मोल आले. पुढे २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत व्यापले, तेव्हा एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानमार्गे सुमारे १,७०,००० भारतीयांना मायदेशी आणले. त्यांच्या नागरिकत्वाविषयी शंका नव्हती, कारण आखाती राज्ये परक्यास सहसा नागरिक करून घेत नाहीत. पण आयुष्याची पुंजी तेथील बँकांत अडकली. संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेल्या आयोगामार्फत नुकसानभरपाई मिळावयास पुढे काही वर्षे लागली. आज स्वेच्छेने परतणाऱ्यापाशी अवधी असतो, आणि माझ्या मते तोच त्याचा सर्वांत मोठा ठेवा होय. दुर्दैवाने बहुतेक जण तो सामान बांधण्यात घालवितात.

आता पहिली तारीख. १९७३ चा कडक परकीय चलन कायदा जाऊन १ जून २००० पासून नवा कायदा अमलात आला. त्याला सर्वजण ‘फेमा’ म्हणून ओळखतात. या कायद्याच्या दृष्टीने हेतूला महत्त्व आहे. नोकरीसाठी, धंद्यासाठी अथवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने आपण आलात, की आपण येथील निवासी झालात. मग परदेशातील कमाई ज्या ‘एनआरई’ खात्यात ठेवली होती, ते खाते त्याच नावाने चालू ठेवता येत नाही. बँकेस कळवून ते साधे निवासी खाते करून घ्यावे लागते, अथवा पैसे ‘आरएफसी’ म्हणजे निवासी परकीय चलन खात्यात वळवावे लागतात. हे दुसरे खाते पुष्कळांना ठाऊकच नसते. त्यात डॉलर डॉलरच राहतो, पौंड पौंडच राहतो आणि पुढे परदेशी पाठविण्याची गरज पडली तर आडकाठी येत नाही. मुलगी परदेशातच शिकत राहिली असेल, तर या सोयीचे मोल कळते. परकीय चलनातील मुदतठेव मुदत संपेपर्यंत ठरलेल्या व्याजाने चालू ठेवता येते, हेही ध्यानात असावे.

एक भीती मात्र निराधार आहे. तिकडचे घर, तिकडचे समभाग, तिकडचे बँकेतील पैसे येथे येताक्षणी विकून टाकले पाहिजेत, असे कित्येकांना वाटते आणि ते घाईने पडत्या भावात व्यवहार करून बसतात. कायदा तसे सांगत नाही. परदेशी राहत असताना जे मिळविले, ते परतल्यावरही परदेशात बाळगण्यास पूर्ण मुभा आहे.

दुसरी तारीख प्राप्तिकराची. येथे हेतू कोणी विचारीत नाही. येथे दिवस मोजतात. एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवस येथे झाले की माणूस निवासी ठरतो. हा हिशेब गमतीचा आहे. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा असेल आणि त्या वर्षात आधी एकही फेरी झाली नसेल, तर १ ऑक्टोबरला उतरलेल्याचे मार्चअखेर बरोबर १८२ दिवस भरतात. गांधीजयंतीच्या दिवशी उतरलेल्याचे १८१! एका दिवसाने सबंध वर्षाचा कर बदलतो. मात्र मागील चार वर्षांत मिळून ज्याचे ३६५ दिवस येथे झाले आहेत, त्याला कायमचे परतण्याच्या वर्षी साठ दिवसही पुरतात. आईच्या दुखण्यासाठी वरचेवर येऊन राहिलेल्या मुलाला हा नियम हमखास गाठतो. तेव्हा जुन्या पासपोर्टावरील शिक्के मोजल्याखेरीज तिकीट काढू नये.

निवासी झाल्यावरही एक मधला टप्पा आहे. ज्याची मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी म्हणून गेली, किंवा मागील सात वर्षांत ज्याचे येथील दिवस ७२९ हून अधिक झाले नाहीत, तो निवासी खरा, पण ‘सामान्यतः निवासी नव्हे’ असा गणला जातो. ही शब्दयोजना कोणाही भाषाशिक्षकाला न रुचण्यासारखी आहे, पण तिचा लाभ मोठा. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्याला दोन वर्षे, कधी तीन वर्षे, तिकडच्या मिळकतीवर सहसा येथे कर पडत नाही. तिकडचे घर विकणे असो, निवृत्तिनिधी काढणे असो, काय करावयाचे ते याच काळात विचारपूर्वक करावे.

आणि येथेच खरी मेख आहे. समजा, एक गृहस्थ डिसेंबरात कायमचे आले. प्राप्तिकर खाते म्हणते, यंदा तुम्ही अनिवासी. ते निश्चिंत होतात आणि ‘एनआरई’ खाते तसेच ठेवतात, कारण त्यावरील व्याज करमुक्त असते असे त्यांनी वर्षानुवर्षे ऐकलेले असते. पण त्या व्याजाची करमुक्ती बांधलेली आहे ती फेमाच्या निवासाशी. आणि फेमाच्या दृष्टीने ते डिसेंबरातच निवासी झाले आहेत. एकच मनुष्य, एकाच सकाळी, एका कायद्याने येथला आणि दुसऱ्या कायद्याने तेथला! दोन्ही कायद्यांचे म्हणणे आपापल्या परीने बरोबर असते. भरडला जातो तो, ज्याने एकच उत्तर पाठ केलेले असते.

मधला टप्पा संपला की जगभरातील मिळकत येथे दाखवावी लागते आणि परदेशातील प्रत्येक खात्याची, घराची, समभागांची माहिती विवरणपत्रात द्यावी लागते. कर देणे लागत नसले तरी माहिती द्यावीच लागते. २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याने ती न देणाऱ्यास १० लाख रुपयांचा दंड ठेविला आहे. स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट मिळाली, इतकाच काय तो दिलासा. तीस वर्षांपूर्वी विद्यार्थिदशेत उघडलेले आणि विसरलेले खाते प्रामाणिक माणसालाही गोत्यात आणू शकते.

निवृत्तिवेतनाबद्दल थोडक्यात सांगतो. इंग्लंडचे सरकारी निवृत्तिवेतन भारतात मिळते, पण येथे राहणाऱ्यास त्यात दरसाल वाढ मिळत नाही. ते गोठून राहते. अमेरिकेचे सोशल सिक्युरिटीचे वेतन तेथे पुरेशी वर्षे काम केलेल्यास येथेही मिळते, मात्र वृद्धांसाठी असलेली तेथील मेडिकेअर ही आरोग्ययोजना सहसा देशाबाहेरच्या इस्पितळाचे बिल भरीत नाही. साठाव्या वर्षी येथे नवा आरोग्यविमा काढावयास जाणाऱ्याने हे आधी पाहावे.

आता तिसरी तारीख. आणि पैशापेक्षा ही मनाला अधिक लागते. घटनेचे नववे कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा यांचे सांगणे स्पष्ट आहे. ज्याने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, तो भारताचा नागरिक राहिला नाही. त्यासाठी वेगळा हुकूम निघावा लागत नाही. पासपोर्टाची मुदत शिल्लक आहे म्हणून तो वापरीत राहणे हा अपराध ठरतो. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविण्याचा मार्ग मोकळा आहे. त्या पासपोर्टावर युरोपात जाऊन काम करणारी आमच्या नात्यागोत्यातील कितीतरी तरुण मंडळी आहेत. घरी परतल्यावर मतदारयादीतील आपले नाव अजून पाहून त्यांना बरे वाटते; पण ते नाव तेथे असावयास नको असते. एकट्या २०२२ साली २,२५,६२० जणांनी भारताचे नागरिकत्व सोडले, असे सरकारने संसदेत सांगितले. यांपैकी बहुतेकांनी देशद्वेषाने सोडले असेल असे मला वाटत नाही. नोकरीची शाश्वती आणि मुलांचे शिक्षण यांसाठी सोडले असेल. परंतु कायदा कारण पाहत नाही.

२००५ च्या दुरुस्तीनंतर अशा लोकांना ‘ओसीआय’ कार्ड मिळू लागले. २०१५ साली भारतीय वंशाच्या व्यक्तींचे जुने ‘पीआयओ’ कार्डही त्यातच विलीन झाले. या कार्डाच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द घातला, हे काही बरे झाले नाही, असे माझे मत आहे. कार्डधारकास आजन्म येण्याजाण्याची, राहण्याची, नोकरीधंद्याची, घर घेण्याची मुभा आहे. पण त्याला मत देता येत नाही, निवडणुकीस उभे राहता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पादऱ्याच्या बाजूला थोडी जमीन घेऊन भाजीपाला लावीन, असे स्वप्न पाहणाऱ्यास हा शेवटचा नियम ऐकून धक्का बसतो. गुजरातेत तर शेतकरी नसलेल्या नागरिकालाही शेतजमीन सहजी घेता येत नाही. कार्डधारकाला दुहेरी कुंपण. वडिलोपार्जित जमीन वारशाने आली तर ती ठेवता येते, विकावयाची झाली तर मात्र येथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

माझा संबंध मुलांशी येतो, म्हणून मुलांविषयी थोडे विस्ताराने बोलतो. शाळेच्या प्रवेश-अर्जात राष्ट्रीयत्वाचा एक रकाना असतो. परदेशात जन्मलेली मुलगी आठव्या इयत्तेत येते, तिची आई अर्ज भरता भरता त्या रकान्यापाशी थांबते आणि विचारते, “सर, येथे काय लिहू?” मुलगी मराठी बोलते, आजीपाशी राहते, गणपतीची आरती तिला पाठ आहे, पण पासपोर्ट अमेरिकेचा. मी सांगतो, पासपोर्टावर आहे तेच लिहा. आई लिहिते आणि मुलीकडे पाहात नाही.

या रकान्याची खरी किंमत चार वर्षांनी कळते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांसाठी कार्डधारकांना अनिवासी भारतीयांच्या रांगेत बसविले. केवळ भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर त्यांचा हक्क राहिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली निर्णय दिला की, हा नियम त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांनाच लागावा. आधीच्यांचे हक्क हिरावून घेऊ नयेत. म्हणजे शेजारी शेजारी बसलेल्या दोन मुली, दोघी परदेशात जन्मलेल्या, दोघी येथेच वाढलेल्या; एकीला सर्वसाधारण जागेसाठी झगडता येते, दुसरीला नाही, आणि फरक केवळ कार्डावरील तारखेचा. ज्यांना मुले लहान असतानाच परतावयाचे आहे, त्यांनी बारावीच्या वर्षी नव्हे, येण्यापूर्वीच हा विचार केला पाहिजे. आईवडील दोघेही भारतीय नागरिक असतील, तर परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवून त्याला जन्मापासूनच भारताचा नागरिक करता येते. मात्र त्याच्यापाशी दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे लिहून द्यावे लागते. ही वर्षाची मुदत गडबडीत निघून जाते.

गेलेले नागरिकत्व परत मिळते काय? मिळते. ज्याच्या कार्डाला पाच वर्षे झाली आहेत आणि जो अर्जापूर्वी बारा महिने येथे राहिला आहे, त्याला नोंदणीने पुन्हा नागरिक होण्यासाठी अर्ज करता येतो. पण मंजुरी मिळताच दुसऱ्या देशाचे नागरिकत्व सोडावे लागते. येथेच बहुतेकांचे पाऊल अडते. मुलगा तिकडे स्थिरावलेला, नातवंडे तिकडची. आपला पासपोर्ट सोडला तर नातवाच्या वाढदिवसाला जाण्यासाठीही व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागणार. पती म्हणतो, मला माझ्या गावी मतदान करावयाचे आहे. पत्नी म्हणते, मला मुलांपासून तुटावयाचे नाही. या वादात कोण चुकतो आहे, हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. एकाने अर्ज केला आणि दुसऱ्याने केला नाही, तरी चालते, एवढे मात्र सांगतो. कायदा दोघांना एकत्र बांधीत नाही.

परदेशी नागरिकत्व घेतल्यावर भारताचा पासपोर्ट वकिलातीत जमा केला, की तो रद्द झाल्याचा शिक्का मारून सहसा परत देतात आणि त्यासोबत एक दाखला देतात. पुष्कळ जण तो निरुपयोगी म्हणून जुन्या कागदांत टाकतात, पुढे घर बदलताना तो नाहीसा होतो. तो जपून ठेवावा. ओसीआय कार्डाच्या वेळी आणि पुन्हा नागरिकत्व मागण्याच्या वेळी आपण पूर्वी भारताचे नागरिक होतो, हे सिद्ध करावे लागते, आणि त्या वेळी हाच रद्द झालेला पासपोर्ट उपयोगी पडतो.